खाऱ्या पाण्याचा तालुका

शालेय भूगोलाच्या पुस्तकात ब्रह्मदेशाच्या वाट्यास फार तर पाऊण पान येते. इरावती नदी, सागाची अरण्ये, माणकांच्या खाणी आणि तांदूळ ही चार नावे पाठ झाली, की त्या देशाशी विद्यार्थ्याचा संबंध संपला. आता त्या देशाचे नाव म्यानमार असे झाले आहे, आणि पुष्कळ मुलांस ब्रह्मदेश व म्यानमार हे दोन निरनिराळे देश वाटतात! एके वर्षी हेच पाऊण पान शिकवीत असता नववीच्या वर्गातील एका चौकस मुलाने आम्हास विचारले, "सर, जेथे एवढा तांदूळ पिकतो तेथला शेतकरी सुखी असेल, नाही का?" मुलगा आमच्या नगर जिल्ह्यातील एका कोरडवाहू गावचा. जेथे पाणी तेथे सुबत्ता, हे त्याचे गणित त्याच्या गावापुरते अगदी बरोबर होते. इरावतीच्या मुखाशी मात्र ते कसे लागू पडत नाही, हे सांगण्यासाठी हा लेख आम्ही लिहीत आहो.

इ. स. २०१८ च्या जानेवारीत त्या प्रदेशात काही दिवस राहण्याचा योग आम्हास आला. निमित्त होते तेथील करेन ख्रिस्ती मंडळीतील शिक्षकांच्या भेटीचे. आमच्या मिशनचे व त्यांच्या मिशनचे नाते जुने आहे, हे पालकांपैकी थोड्यांसच ठाऊक असेल. इ. स. १८१२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील सेलम या गावी पाच तरुणांस एकाच दिवशी पूर्वेकडील सेवेची दीक्षा मिळाली. त्यांपैकी गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले व त्यांनी अमेरिकन मराठी मिशनचा पाया घातला. त्यांचाच सोबती अॅडोनिराम जडसन त्याच वर्षीच्या जुलैत रंगूनला पोहोचला. एका घरातून निघालेले भाऊ जसे दोन गावी बिऱ्हाड करतात, तसेच हे झाले. म्हणून तेथे आम्हास परक्याची वागणूक मिळाली नाही.

आमचे यजमान एक वयोवृद्ध निवृत्त शिक्षक होते. करेन भाषेत शिक्षकास व पाळकासही थरा म्हणतात. गावात सर्व त्यांस थरा म्हणत, आम्हीही तसेच म्हणू लागलो. ते इंग्रजी चांगले बोलत. रंगून, ज्याला आता यांगून म्हणतात, तेथून मोटारीने बोगले या तालुक्याच्या ठिकाणी आणि तेथून दोन-अडीच तास होडीने दक्षिणेस गेले म्हणजे त्यांचे गाव लागते.

प्रथम देशाची ठेवण सांगितली पाहिजे. इरावती ही सुमारे २,१७० किलोमीटर लांबीची नदी उत्तरेकडील डोंगरांतून दोन प्रवाहांच्या संगमाने जन्म घेते व सरळ दक्षिणेस वाहत येते. समुद्रापासून सुमारे २९० किलोमीटर अंतरावर तिच्या त्रिभुज प्रदेशास आरंभ होतो. तेथून ती एक नदी राहत नाही. फाटे फुटतात, फाट्यांस उपफाटे फुटतात, ते एकमेकांस पुन्हा मिळतात, आणि शेवटी नऊ मुखांनी ती अंदमानच्या समुद्रास मिळते. दरवर्षी कोट्यवधी टन गाळ ती आपल्याबरोबर आणते. त्या गाळाचीच ही सारी जमीन. पायाखाली खडा म्हणून सापडावयाचा नाही. आमच्या मुलांस ढेकूळ व दगड फेकण्याची जी सवय आहे, ती तेथील मुलांस लागणेच शक्य नाही, असा विचार त्या गावी पहिल्या दिवशी आमच्या मनात आला. पश्चिमेकडील पाथेइन या मुख्य शहरास इंग्रज बसीन म्हणत. आपल्या वसईसही ते बसीनच म्हणत, हा एक गमतीचा योगायोग.

बोगले तालुका या प्रदेशाच्या अगदी खालच्या टोकास, समुद्रास लागून आहे. २०१४ च्या खानेसुमारीत त्याची वस्ती तीन लाखांहून अधिक भरली. तालुका म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे रस्ते, एस. टी. व बाजाराचे गाव येते. येथे रस्त्याच्या जागी पाणी आहे. घरे नदीकाठाने एका रांगेत, लाकडी खांबांवर उभी. प्रत्येक घरापुढे होडी बांधलेली. मुले शाळेत होडीने येतात, वऱ्हाड होडीने जाते, मयतही होडीनेच नेतात. फेरीवाल्या बायका भाजी, मीठ, सुया-दोरे होडीत घालून दारोदार वल्हवीत हिंडतात. त्यांचे ओरडणे मात्र आपल्याकडील बोहारणीसारखेच!

जमीन समुद्रसपाटीपासून जेमतेम काही हात उंच. त्यामुळे नदीचे पाणी दिवसातून दोनदा चढते व दोनदा उतरते. खरा घोळ येथेच आहे. पावसाळ्यात नदीस गोड्या पाण्याचा लोंढा असतो, तो समुद्रास मागे रेटतो. वर्षाकाठी अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे आमच्या नगर जिल्ह्याच्या चौपट-पाचपट. पण ऑक्टोबर संपला की पाऊस जवळजवळ थांबतो, लोंढा ओसरतो, आणि भरतीबरोबर खारे पाणी हळूहळू वर चढू लागते. जानेवारीत आम्ही गेलो तेव्हा थरांच्या घरापुढील नदीचे पाणी मचूळ झाले होते. एप्रिलात ते जनावरेही तोंडास लावीत नाहीत. चहूकडे पाणी, मैल मैल पाणी, आणि पिण्यास नाही!

म्हणून प्रत्येक गावी पावसाच्या पाण्याचे एक तळे असते. त्यास भोवती मातीचा उंच बांध व कुंपण. त्यात कोणी पाय बुडवीत नाही, कपडे धूत नाही. घरोघरी पागोळ्यांखाली मोठमोठे झिलईचे रांजण मांडलेले. (बरणीस हिंदीत मर्तबान म्हणतात, ते नाव ब्रह्मदेशातीलच मर्तबान बंदरावरून आले आहे, हे तेथील रांजण पाहता सहज आठवले.) थरांच्या घरची सून प्रातःकाळी रांजणात काठी घालून पाणी किती उतरले ते पाहत असे. आमच्या आईस उन्हाळ्यात हौदाचे पाणी असेच मोजताना आम्ही पाहिले आहे. ज्या गावी पाऊस पडत नाही व ज्या गावी तो पुराने पडतो, त्या दोन्ही गावांतील बाईने पाणी एकाच रीतीने मोजावे, याचे आम्हास मोठे नवल वाटले.

आता भाताचा इतिहास. येथे आम्ही थोडे सविस्तर लिहिणार आहो, कारण पुस्तकातील 'तांदूळ' या एका शब्दात सगळे काही गडप झाले आहे.

पुष्कळांस वाटते की ही भूमी अनादि काळापासून भाताचे कोठार आहे. तसे नाही. १८५२ साली इंग्रजांनी दक्षिण ब्रह्मदेश जिंकून घेतला, त्या वेळी या खालच्या भागात बहुतेक जंगल व दलदल होती. वरच्या अंगास उंच गवत व झाडी, आणि समुद्राकडे खारफुटी, ज्यास कोकणात तिवर व कांदळ म्हणतात. वाघ, साप, मगरी व हिवताप यांचे ते राज्य. नव्या सरकारास सारा हवा होता, व्यापाऱ्यांस धान्य. पुढे अमेरिकेत १८६१ ते १८६५ पर्यंत यादवी युद्ध झाले व तेथून युरोपास जाणारा तांदूळ बंद पडला. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला. रंगूनच्या तांदळास युरोपचा बाजार मिळाला. याच अमेरिकन युद्धामुळे आपल्याकडे कापसाचा भाव आकाशास भिडला होता, हे विद्यार्थ्यांनी इतिहासात वाचले असेल. एकाच युद्धाने वऱ्हाड-खानदेशात कापूस व इरावतीच्या चिखलात भात पेरला.

उत्तर ब्रह्मदेशातील कोरड्या मुलखातून हजारो कुटुंबे बैलगाड्यांनी व होड्यांनी खाली आली. करेन लोकही डोंगर उतरून आले. कुऱ्हाडीने झाड पाडावे, उन्हाळ्यात जाळावे, खुंटांमधून भात लावावे, भरती थोपविण्यास मातीचा बांध घालावा, असा त्यांचा क्रम होता. दक्षिण ब्रह्मदेशात १८५५ च्या सुमारास सात-आठ लाख एकर भात होते, ते १९३० नंतरच्या दशकात सुमारे ८७ लाख एकरांवर गेले. दुसऱ्या महायुद्धापूर्वी जगात सर्वांत अधिक तांदूळ बाहेर पाठविणारा देश तो हाच, वर्षास तीस लाख टनांच्या वर. १८६५ साली स्थापन झालेल्या इरावती फ्लोटिला कंपनीच्या सहाशेंहून अधिक बोटी त्या नदीत फिरत. रंगूनचा तांदूळ मुंबईच्या गिरणगावात व कोकणातही लोकांच्या ताटात होता. १९४२ साली जपानने तो देश घेतला व ही आवक तुटली. १९४३ सालच्या बंगालच्या भयंकर दुष्काळाच्या कारणांत हेही एक होते, आणि त्याच वर्षी मुंबईत शिधापत्रिका आल्या. त्या काळातील आजी-आजोबा ज्यांच्या घरी असतील त्यांनी त्यांस अवश्य विचारावे.

परंतु झाड तोडणाऱ्यास ती जमीन लाभली काय? पहिले पीक येण्यास दोन-तीन वर्षे लागत. तोवर खावे काय? बैल, बी, मजुरी यांस पैसा कोठला? तो पैसा आला तामिळ मुलखातील चेट्टियार सावकारांकडून. चेट्टियारांस सरसकट दुष्ट ठरविण्याची जी चाल आहे ती आम्हास पसंत नाही. ते हिशेबास चोख होते, त्यांचे व्याज इतर सावकारांहून पुष्कळदा कमी असे, आणि त्यांस जमीन नको असे, रोकड हवी असे. पण १९३० साली जगभर मंदी आली, भाताचा भाव निम्म्यावर घसरला, आणि कर्ज मात्र जसेच्या तसे राहिले. १९३० साली दक्षिण ब्रह्मदेशातील प्रमुख भातजिल्ह्यांत चेट्टियारांकडे लागवडीची शेकडा ६ च्या सुमारास जमीन होती. १९३८ साली ती शेकडा २५ झाली. ज्याच्या बापाने वाघास भिऊन मचाणावर रात्री काढल्या, तो आता त्याच खाचरात खंडकरी झाला. १९३० च्या अखेरीस साया सानच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी बंड केले, ते सरकारने दडपून टाकले.

आमच्या पुणे-नगर भागातील वाचकांस हे वाचून १८७५ सालचे दंगे आठवले असतील. तेथे भात होते, येथे कापूस व ज्वारी होती. रोख्यांचा कागद तोच. पवित्र शास्त्र वाचणाऱ्यास आणखी एक गोष्ट आठवेल. मिसर देशात दुष्काळ पडला तेव्हा लोकांनी योसेफाकडून धान्य घेताना आधी पैसा दिला, मग गुरे दिली, आणि शेवटी जमीन दिली. रविवारच्या शाळेत आपण त्या गोष्टीतील कोठारांची स्तुती करतो. जमीन कोणाकडे गेली ते वाचीत नाही.

पुढे चेट्टियारही गेले. १९४२ साली लाखो हिंदी लोक तो देश सोडून निघाले, कित्येक डोंगरवाटांत मेले. १९४८ साली ब्रह्मदेश स्वतंत्र झाला, जमीन कायद्याने सरकारची झाली, आणि शेतकरी कसणारा म्हणून राहिला. १९६२ नंतरच्या लष्करी राजवटीत ठरावीक भात ठरावीक दराने सरकारास घालण्याची सक्ती होती. बाजारभावाहून तो दर फार कमी असे. थरांनी सांगितले की ज्या वर्षी पीक बुडे, त्या वर्षी त्यांचे वडील बाजारात चढ्या भावाने भात विकत घेऊन सरकारी केंद्रावर उतरत्या भावाने घालीत. ही सक्ती २००३ साली उठली. २०१२ च्या कायद्याने कसणाऱ्यास एक दाखला मिळू लागला. तो गहाण टाकता येतो व विकताही येतो. थरांनी आपला दाखला आम्हास पेटीतून काढून दाखविला. प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून बायबलाशेजारी ठेवलेला होता.

परंतु दाखला असणारे गावात थोडे. त्रिभुज प्रदेशाच्या या भागात निम्म्याहून अधिक कुटुंबांस स्वतःची जमीन नाही. ती लावणीस व कापणीस मजुरीने जातात. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत एकच पीक. जेथे गोडे पाणी टिकते त्या वरच्या तालुक्यांत उन्हाळी भात किंवा ओलीवर उडीद व मूग घेतात. आपल्या देशात ब्रह्मदेशातून मोठ्या प्रमाणावर उडीद येतो, तेव्हा आमच्या वाचकांच्या घरच्या पापडात त्या चिखलाचा अंश असणे अशक्य नाही. पण थरांच्या गावी नाताळानंतर खाचरे ओसाड. पावसाळ्यात घरातले धान्य संपते तेव्हा मजूर पुढील कापणीची मजुरी आगाऊ उचलतो, अर्थात कमी दराने. कापणीच्या दिवशी तो राबतो ते जुलै महिन्यात खाल्लेल्या भातासाठी. ऊसतोडीस जाणाऱ्या आमच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या आईबापांस ही उचल समजावून सांगण्याची गरज नाही.

शेतीबाहेर आधार तो पाण्याचा व खारफुटीचा. मासे, कोळंबी यांवर गाव जगते. मासे व बारीक कोळंबी खारवून, कुटून, मुरवून ङपी नावाचा पदार्थ करतात. तिच्यावाचून ब्रह्मी माणसाचा घास उतरत नाही. वास, खरे सांगावयाचे तर, आम्हास तीन दिवस जड गेला, पुढे जाणवेनासा झाला. मासेमारीच्या मोठ्या जागांचा सरकारी लिलाव होतो, त्या पैसेवाल्यांकडे जातात. गरिबास उरतात त्या चिंबोऱ्या. बायका व पोरे गुडघाभर चिखलात तिवरांच्या मुळांशी सापळे लावतात, दलाल जिवंत चिंबोऱ्या दोरीने बांधून घेतो, आणि त्या चीन-थायलंडच्या हॉटेलांत जातात. खाडीत नीपा नावाचा एक बुटका माड होतो, त्याच्या झावळ्यांनी घरे शाकारतात. ब्रह्मी भाषेत त्याचे नाव धनी. नाव धनी, आणि छप्पर मात्र निर्धनाचे!

तालुक्याच्या दक्षिणेस नदीच्या मुखात मेइन्माला नावाचे बेट आहे. नावाचा अर्थ सुंदर स्त्री. ते सारे खारफुटीने भरलेले असून राखीव अभयारण्य आहे, खाऱ्या पाण्यातील मोठ्या मगरी तेथे आहेत. २०१७ साली त्यास रामसर यादीत स्थान मिळाले. एका सकाळी थरा आम्हास होडीने त्याच्या काठाशी घेऊन गेले. ओहोटी होती. मुळांची जाळी उघडी पडली होती, माणूस शिरू शकणार नाही अशी दाट. थरा म्हणाले, "गुरुजी, आमचे आजोबा आले तेव्हा आमचे गाव असे होते."

१९७८ साली या त्रिभुज प्रदेशात खारफुटी सुमारे २,६०० चौरस किलोमीटर होती. २०११ साली ती सुमारे ९४० उरली. काही रंगूनच्या चुलींत कोळसा होऊन जळाली, काही कोळंबीच्या तळ्यांसाठी गेली, पण मुख्यतः भाताच्या खाचरांसाठी तुटली. कारण देशास तांदूळ हवा होता, आणि ज्यास जमीन नव्हती त्यास तोडण्यास उरलेले जंगल तेवढेच होते.

मग २००८ चा मे महिना आला. नर्गिस नावाचे चक्रीवादळ बंगालच्या उपसागरातून येऊन २ मे रोजी संध्याकाळी त्रिभुज प्रदेशाच्या नैऋत्य कोपऱ्यावर आदळले व रातोरात पूर्वेस सरकले. भारतीय हवामानखात्याने ४८ तास आधी ब्रह्मी सरकारास कळविले होते. थरांच्या गावी रेडिओवर वारा सुटणार एवढे ऐकले होते. "वाऱ्याची आम्हास भीती नव्हती. छप्पर उडते, पुन्हा शाकारतो. समुद्र येईल असे कोणी सांगितले नाही," असे ते म्हणाले. समुद्र आला. तीन-चार मीटर उंचीचे पाणी आणि त्यावर लाटा. सपाट भूमीत टेकडी नाही, पक्की इमारत नाही, पाण्याचा जोर मोडणारी झाडी नाही. माणसे नारळीस व मोठ्या झाडांस मिठ्या मारून, लुंगीने स्वतःस बांधून राहिली. ज्यांच्या हातांत बळ कमी ती गेली. मृतांत स्त्रिया व मुले अधिक होती.

सरकारी आकड्यांप्रमाणे ८४,५३७ मेले व ५३,८३६ बेपत्ता झाले. बोगले व लाबुट्टा या दोन तालुक्यांस सर्वांत मोठा तडाखा बसला. थरा त्या वेळी शाळेत शिकवीत होते. त्यांनी आम्हास त्या वर्षीचे हजेरीपत्रक दाखविले नाही, ते वाहून गेले होते. त्यांनी वर्गाची नावे बोटांवर मोजून म्हटली. शिक्षकास हजेरी पाठच असते. काही नावांपाशी ते थांबत व पुढे जात. आम्ही ती येथे लिहीत नाही.

तळ्यांत खारे पाणी शिरल्यामुळे वाचलेल्यांस पिण्यास पाणी नव्हते. बी-भात बुडाले, रेडे व बैल वाहून गेले, आणि पावसाळा तर दारात उभा. परदेशी मदत घेऊन आलेल्यांस लष्करी सरकारने आठवडे तिष्ठत ठेवले. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस बान की-मून स्वतः गेले, तेव्हा कोठे २३ मे रोजी सरकारने मान तुकविली. मध्यंतरी गावागावांतील मंडळ्यांनी, बौद्ध मठांनी व रंगूनच्या साध्या नागरिकांनी तांदूळ व कपडे होड्यांनी पोहोचविले. थरांच्या गावाचे लोक पहिले आठ दिवस शेजारच्या मठात राहिले. तेथील भिक्षूंनी आपला तांदूळ आधी मुलांस शिजवून घातला, हे सांगताना थरांनी आवर्जून म्हटले, "लिहाल तेव्हा हे लिहा." म्हणून लिहिले.

विद्वान मंडळी यावर म्हणतात की लोकांनी खारफुटी तोडली नसती तर एवढी हानी झाली नसती. म्हणणे खोटे नाही. दाट झाडीने लाटेचा जोर मंदावतो. परंतु कोळसा पाडणाऱ्या व खाचर काढणाऱ्या गरिबावर बोट ठेवून थांबणे आम्हास न्यायाचे वाटत नाही. त्या जंगलाचा तांदूळ लंडनने खाल्ला, मुंबईने खाल्ला, कर्जाचे व्याज दूरच्या गावी गेले, सक्तीचे भात बराकींत गेले. पाण्यासमोर उभा राहण्याची पाळी मात्र ज्याने कुऱ्हाड चालविली त्याच्या नातवंडांवर आली. थरांस आम्ही विचारले की आजोबांचा राग येतो काय. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्यांस भूक होती. रागवावे कोणावर?"

येथे एक उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. याच त्रिभुज प्रदेशातील पांतनाव या लहानशा गावी जन्मलेले व तेथल्याच शाळेत मुख्याध्यापक असलेले ऊ थांट हे १९६१ पासून १९७१ पर्यंत संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस होते. चिखलातील शाळेस कमी लेखू नये. करेन लोकांस तर शाळेचे वेडच आहे. १८२८ साली को था ब्यू या पहिल्या करेन गृहस्थाचा बाप्तिस्मा झाला, पुढे थोड्याच वर्षांत वेड या मिशनऱ्याने ब्रह्मी अक्षरांवरून त्यांच्या भाषेस लिपी दिली. १८७८ साली बसीनच्या करेन मंडळ्यांनी को था ब्यूच्या स्मरणार्थ मोठे सभागृह बांधले, ते बहुतांशी स्वतःच्याच भाताच्या पैशाने. आमच्याकडील कित्येक मंडळ्या आजही दिव्याच्या बिलासाठी बाहेर पाहतात, हे लिहिताना थोडा संकोच होतो.

२०२१ च्या फेब्रुवारीत त्या देशात लष्कराने पुन्हा सत्ता हाती घेतली. तेव्हापासून थरांची पत्रे क्वचित येतात व फार जपून लिहिलेली असतात. तरुण मुले थायलंडकडे गेली, मजूर मिळत नाही, खत महाग झाले, एवढेच त्यांतून कळते. गावच्या मुलांनी नदीकाठी लावलेल्या तिवरांपैकी पुष्कळ रोपे चिंबोऱ्यांनी कुरतडली, उरलेली आता पुरुषभर उंच झाली आहेत, असे एका पत्रात होते.

आम्ही गेलो होतो त्या वर्षी शाळेची नवी इमारत उभी होती. काँक्रीटचे खांब, वर मजला, गच्चीवर जाण्यास रुंद जिना. वादळ आले तर गावाने तेथे चढावे, अशी योजना. एका खांबावर २००८ च्या पाण्याची खूण निळ्या रंगाने काढलेली आहे, आमच्या डोक्याहून पुष्कळ वर. वर्गाची जमीन त्या खुणेच्या हातभर वर ठेवली आहे. नदीकाठचा बांध मात्र खुणेपेक्षा कितीतरी खाली होता. तो उंच करावयाचा तर माती लागते, आणि माती काढावयाची ती कोणाच्या तरी खाचरातून. ती कोणी द्यावी, यावर गावकऱ्यांची बैठक चालली होती. आम्ही निघालो त्या सकाळीही ती संपली नव्हती.